दुसऱ्या चहाचा नियम

अर्धेसाहेबांचं आडनाव अर्धे नव्हतं. हॉटेलांना तारे देणाऱ्या सरकारी खात्यात त्यांनी सगळी नोकरी काढली, आणि कुठल्याही हॉटेलाचा निदान अर्धा तारा कापल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागलं नाही, म्हणून खात्यातल्या मंडळींनी हे नाव ठेवलं. नियमात अर्ध्या ताऱ्याची सोयच नव्हती. त्यामुळे साहेबांनी अर्धा कापला की उरलेला अर्धाही गळून पडायचा आणि हॉटेलवाला बिचारा अख्ख्या ताऱ्याने खाली यायचा. हे नाव साहेबांच्या कानावर होतं. त्यांना तो आपला गौरव वाटायचा.

पाच तारे त्यांनी जन्मात कुणाला दिले नाहीत. 'सुधारणेला वाव आहे' हा त्यांचा ठरलेला शेरा, हॉटेलात काय आणि घरात काय. मुलगा शाळेत पहिला आला तेव्हा त्याच्या अक्षराला वाव होता. बायकोच्या भाजीला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून वाव होता, आणि इतक्या वर्षांत भाज्या बदलल्या, चुली बदलल्या, वाव होता तिथेच राहिला. बायको खमकी म्हणून संसार टिकला. "आमच्याकडे भाजीत मीठ मी घालते आणि शेरा हे घालतात," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

त्यांचा एकुलता एक चिरंजीव परदेशी गेला आणि जगात दुसरा धंदाच नसल्यासारखं त्याने तिथे हॉटेल काढलं. स्टेशनजवळ, उताराच्या रस्त्यावर, चार मजली, चार ताऱ्यांचं. मात्र आईबापांना त्याने कधी बोलावलं नाही. फोनवर आईला म्हणायचा, "पाचवा तारा लागू दे, मग बाबांना घेऊन ये." आईने पुष्कळ वाट पाहिली. मग एक दिवस तिने नवऱ्याचे कुरकुरायला लागलेले गुडघे पाहिले आणि ताऱ्याची वाट न पाहता तिकिटं काढली.

"हे बघा, आपण पाहुणे म्हणून चाललोय," सामान भरताना ती म्हणाली. "ती मोजायची टेप घरी ठेवा."

"टेपचं काय एवढं ओझं होतंय?"

"तुम्हाला नाही होत. पोराला होतं."

साहेबांनी टेप ठेवली. कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

हॉटेलच्या दारावर पितळेचे चार तारे ओळीने ठोकलेले होते. टॅक्सी थांबायच्या आत साहेबांनी त्यांचा भाव काढला. लोकांना वाटतं, तारा म्हणजे किलोसारखा, कुठेही न्या, तेवढाच भरणार. साहेबांना त्यातली गोम माहीत होती. खात्याच्या कामासाठी ते देशोदेशी हिंडले होते. एका देशात दारात टोपीवाला माणूस उभा केला की एक तारा पक्का, मग आत नळाला पाणी का नसेना. दुसऱ्या देशात सगळी मदार टॉवेलच्या जाडीवर, आणि तिथले टॉवेल इतके जाड झाले होते की अंगाचं पाणी त्यांना शिवायलाही तयार नव्हतं. तिसऱ्या देशात पोहायचा तलाव सक्तीचा होता, पण तो केवढा असावा हे लिहायला कुणी तरी विसरलं होतं. तिथे साहेबांनी असा तलाव पाहिला होता की आत उतरलेल्या माणसाला हात हलवायचे तर बाहेर यावं लागे. आणि एका देशात तर हॉटेलवाल्यांनी आपले तारे आपणच ठरवायचे होते. वाढपी आपलाच म्हटल्यावर कोण कमी वाढून घेईल? तिथे सहा ताऱ्यांची हॉटेलं होती, सातांचीही होती.

"यांचे चार म्हणजे आमचे अडीच," साहेब टॅक्सीतून उतरता उतरता म्हणाले.

"आणि तुमचे अडीच म्हणजे दोन," बायको म्हणाली. "मला नका शिकवू. तोंड मिटा, पोरगा येतोय."

चिरंजीव धावत आला, मागोमाग सूनबाई आल्या. त्याच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं, तरी बापासमोर उभा राहिल्यावर त्याने शर्टाची कॉलर सरळ केली. दाराशी तीन पायऱ्या होत्या. दुसऱ्या पायरीला साहेब अडखळले, सावरले आणि वळून पाहू लागले.

"मधली पायरी बोटभर उंच आहे," ते म्हणाले. इतक्या वर्षांनी भेटलेल्या मुलाशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

बायकोने कपाळाला हात लावला. मुलगा म्हणाला, "हो बाबा. प्रवास बरा झाला ना?"

जेवणं झाल्यावर त्याने खरी गोष्ट सांगितली. आईबाप नेमके मोक्याच्या आठवड्यात आले होते. पाचव्या ताऱ्याची तपासणी याच आठवड्यात व्हायची होती. कुठल्या दिवशी ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

"मग कागदपत्रं, मापं, सगळं तयार आहे ना?" साहेबांच्या अंगात उत्साह आला.

"मापं चार ताऱ्यांपर्यंतच असतात बाबा. पाचव्याला नसतात. तपासनीस सकाळी न्याहारीला येऊन बसणार, आपण कोण ते न सांगता. आणि सगळ्यांत आधी जो पाहुणा दुसऱ्या चहासाठी उठेल, त्याला एकच प्रश्न विचारणार. पुन्हा आलात तर इथेच उतराल का? तो हो म्हणाला की तारा."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर नाही."

साहेबांना वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. "ही तपासणी आहे की चिठ्ठ्या टाकणं? दुसराच चहा का?"

"पहिला चहा माणूस गरज म्हणून घेतो. दुसऱ्याला उठला म्हणजे त्याला अजून बसायचंय. असं त्यांचं म्हणणं."

"आमच्या खात्यात असलं काही सुचवणाऱ्याला आम्ही आधी डॉक्टरकडे नेलं असतं," साहेब म्हणाले आणि झोपायला गेले.

खोली मागच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर होती. सवयीने त्यांनी दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं, कपाट उघडलं. कपाटात एका कोपऱ्यात मुलाचे दोन शर्ट राहिले होते. म्हणजे ही त्याची स्वतःची खोली होती, आईबापांना दिलेली. आणि पलंगावर त्यांच्या बाजूची उशी पातळ होती, आणि उशीखाली चादरीची घडी घालून ठेवली होती. साहेबांना तसंच लागतं, घरी ते आयुष्यभर तसेच झोपतात. उंच उशीने मान धरते आणि नुसत्या पातळ उशीने झोप येत नाही. साहेब त्या घडीकडे थोडा वेळ बघत राहिले. हे कुठल्याच देशाच्या नियमांत नव्हतं, त्यामुळे कशात धरावं ते त्यांना समजेना.

दुसऱ्या दिवशी आईच्या पोटात एक गोष्ट राहीना. चिरंजीवांनी तिला काउंटरचा खण उघडून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला पितळी तारा दाखवला होता, आणि बाबांना सांगू नकोस अशी शपथ घातली होती. शपथ पाळणं म्हणजे तिच्या दृष्टीने फक्त नवऱ्याला सांगणं.

"पोराने पाचवा तारा आधीच घडवून ठेवलाय. कुणासाठी, कळतंय का? गिऱ्हाइकं काय, चार ताऱ्यांतही येतात. पाच बघून तरी बाप एकदा 'चांगलं आहे' म्हणेल, म्हणून चाललंय हे सगळं."

"चांगलं असेल तर म्हणेनच की."

"तुमचं ते 'असेल तर' जाळा एकदा!"

साहेबांनी हे मनावर घेतलं. आजवर त्यांनी जे जे मनावर घेतलं ते कुणाच्या तरी डोक्यावर आलं होतं. मुलाला मदत करायची, एवढं ठरलं. मुलाशी हॉटेलाविषयी बोलायला बायकोची बंदी होती, तेव्हा दुसरं कुणी तरी शोधणं आलं. ते न्याहारीच्या टेबलावर समोरच बसलं होतं.

ते एक बियाणांचे व्यापारी होते. गोल, गुबगुबीत, हसतमुख. दरवर्षी इथल्या बाजाराच्या दिवसांत यायचे, तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मागून घ्यायचे आणि सगळ्याची तारीफ करायचे. अंडं झकास, पाव झकास, झोप तर विचारूच नका. दुसऱ्या चहाला रोज सगळ्यांत आधी तेच उठायचे. मुलाची सारी भिस्त या बियाणेवाल्यांवर होती. "तेच उठणार आणि हो म्हणणार, सूर्य उगवण्याइतकं पक्कं," असं त्याने आईला सांगितलं होतं.

साहेबांना मात्र इथेच खुपलं. ज्याला काही दिसतच नाही त्याच्या 'हो'ला किंमत काय? असल्या 'हो'वर मिळालेला तारा म्हणजे आंधळ्याने दिलेलं प्रशस्तिपत्रक. पोराला तारा मिळायचा तर तो जाणत्याच्या तोंडून मिळाला पाहिजे. म्हणून साहेबांनी बियाणेवाल्यांना जाणतं करायला घेतलं.

"खोलीत गेलात की आधी काय करता?" त्यांनी विचारलं.

"बूट काढतो, आडवा होतो."

"चूक. आधी मधोमध उभं राहायचं आणि ऐकायचं."

बियाणेवाले हसले, पण त्या दिवशी खोलीत जाऊन मधोमध उभे राहिले. लिफ्ट वरखाली करताना कण्हते, हे त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं. मग साहेबांनी त्यांना कपाटाची दारं बोटभर उघडी राहतात ते बघायला शिकवलं, आरशावरचा उजेड एकाच गालावर पडतो ते दाखवलं, नळ बंद केल्यावर किती वेळ ठिबकतो हे कान देऊन कसं ऐकायचं ते सांगितलं. बियाणेवाले हुशार निघाले. चांगलं बियाणं वाईटातून वेचणारी नजर त्यांच्याकडे होतीच, फक्त आजवर ती दुकानात ठेवून ते प्रवासाला निघत असत.

"साहेब, त्या पडद्याच्या खालून उजेड येतो हो," दोन दिवसांनी ते टोस्ट तसाच ठेवून म्हणाले.

"येणारच. पडदा आखूड आहे."

"म्हणजे इतकी वर्षं येतच असणार."

"येतच होता."

"मग मी झोपत कसा होतो?"

"अज्ञानात," साहेब समाधानाने म्हणाले.

बायकोने दुरून पाहिलं. "त्या गृहस्थांना काय झालंय? चेहरा किती उतरलाय."

"नजर आलीये त्यांना," साहेब म्हणाले.

इकडे साहेबांची स्वतःची तपासणीही चालू होतीच, नुसत्या डोळ्यांनी. पण यावेळी हिशेब जुळेना. मधल्या पायरीच्या कडेला मुलाने त्यांच्या येण्याच्या दुसऱ्याच दिवशी पांढरा पट्टा ओढला. लिफ्टला कंटाळून साहेब जिन्याने चढू लागले, तर जिन्याच्या वळणावर एक खुर्ची येऊन बसली. कुणी काही बोललं नाही. जिन्यात खुर्ची म्हणजे साहेबांच्या नियमांप्रमाणे अडथळा, त्याला सरळ गुण कापायचे. साहेबांनी तो अडथळा मनात नोंदवला आणि रोज गुडघे चोळत त्याच्यावर बसू लागले.

तपासनीस आठवड्याच्या शेवटच्या सकाळी आल्या. मध्यम वयाची बाई, साधी पिशवी, खिडकीजवळचं टेबल. चिरंजीवांना कळलं नाही, वाढायला उभ्या असलेल्या सूनबाईंना कळलं नाही. साहेबांनी मात्र बघताक्षणी ओळखलं. खाणारा माणूस ताटाकडे बघतो. या बाईने टेबलाच्या कडेखालून अलगद बोट फिरवलं होतं. धंद्यातलं माणूस भेटल्यावर कुणालाही बरं वाटतं, तसं साहेबांना बरं वाटलं. त्यांनी समोरच्या बियाणेवाल्यांकडे पाहिलं. बियाणेवाले खाली मान घालून पाव कुस्करत होते. आता उठतील, साहेबांनी मनाशी म्हटलं आणि आपला चहा संपवला.

आणि सवयीने स्वतःच उठले.

पहिला चहा गरम असतो यात काही विशेष नाही, दुसराही तेवढाच गरम आहे का हे बघायचं असतं. साऱ्या नोकरीत त्यांनी हे चुकवलं नव्हतं. ते कप घेऊन निम्म्या वाटेवर पोचले तेव्हा आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानात आलं. तोवर बाई उठून त्यांच्यासमोर उभी होती.

"माफ करा, तारे देणाऱ्या कचेरीतून आले आहे. एकच विचारायचं आहे. पुन्हा या गावात आलात तर इथेच उतराल का?"

सगळ्यांचे चमचे थांबले. काउंटरमागे चिरंजीव उभा होता. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला, कारण बापाचं उत्तर त्याला लहानपणापासून पाठ होतं. साहेबांनी तोंड उघडलं. पायरी, लिफ्ट, पडदा, नळ, सगळं जिभेच्या टोकाशी गर्दी करून उभं होतं.

"उतरेन," ते म्हणाले. "इथेच उतरेन."

बायकोने हातातली बशी खाली ठेवली. साहेबांना स्वतःलाच आपल्या आवाजाची ओळख पटायला एक क्षण लागला. मुलाने दोन्ही हात काउंटरवर टेकवले आणि तो बापाकडे बघतच राहिला.

गोष्ट इथे संपली असती तर तारा लागला असता आणि सगळे सुखी झाले असते. पण साहेब म्हणजे साहेब. त्यांच्या खात्यात नातेवाईकाच्या हॉटेलाबद्दल तोंड उघडायचं तर आधी नातं सांगायचं, हा पहिला नियम होता.

"बाई, हे उत्तर धरू नका," ते म्हणाले. "हा माझा मुलगा आहे."

"अहो!" बायको किंचाळली.

बाई म्हणाल्या, "मी विचारलं नव्हतं. सांगितलं नसतंत तरी चाललं असतं."

"चाललं असतं, म्हणूनच सांगितलं."

"मग बाद धरावं लागेल. पुढचे जे उठतील त्यांना विचारते."

बियाणेवाले उठले. साहेबांच्या छातीवरचं ओझं हललं. उत्तम झालं. बापाचा हो बाद झाला, पण आता जाणत्याचा हो येणार, आठवडाभर राबून स्वतः तयार केलेला. त्यांनी मुलाकडे बघून धीर द्यायला मान हलवली.

बाईंनी तोच प्रश्न विचारला. बियाणेवाल्यांनी कप खाली ठेवला.

"खरं सांगायचं ना? मग नाही." त्यांचा आवाज रडवेला झाला. "गेल्या आठवड्यात विचारलं असतंत तर मी दोनदा हो म्हटलं असतं. इतकी वर्षं इथे गाढ झोपलोय मी. पण या साहेबांनी माझे डोळे उघडले आणि आता ते मिटतच नाहीत. लिफ्ट कण्हते. नळ ठिबकतो. अंथरुणावर पडलो की कपाटाच्या दाराची ती बोटभर फटच दिसते. मालक सोन्यासारखा माणूस आहे, त्याचा काही दोष नाही. पण झोपेला काय करू?"

बाईंनी मान हलवली. उरलेला चहा संपवला, अंडं फार छान होतं असं सूनबाईंना सांगितलं आणि दाराशी साहेबांपाशी थांबल्या. "चारपर्यंत आम्हाला दिसतं," त्या हळू म्हणाल्या. "पाचवा आम्हाला दिसत नाही, म्हणून विचारतो." पांढरा पट्टा बघून, नीट पाऊल टाकत त्या पायऱ्या उतरून गेल्या.

अर्धेसाहेबांना दिवसा तारे दिसले, आणि ते मोजायची मात्र इच्छा झाली नाही. जन्मभर त्यांनी कितीतरी हॉटेलवाल्यांचे चेहरे पडताना पाहिले होते आणि पुढच्या हॉटेलात जाऊन जेवले होते. आज त्यांना मान वर करवेना. बियाणेवाल्यांनी जाताना त्यांचे आभार मानले, ते तर फारच लागलं.

बऱ्याच वेळाने ते काउंटरपाशी गेले. मुलगा उघड्या खणाकडे बघत उभा होता.

"तुझा तारा मी घालवला."

"हो," मुलगा म्हणाला. खोटं बोलायची सवय त्या घरात कुणालाच नव्हती. मग त्याने विचारलं, "बाबा, तुम्ही उतरेन म्हणालात ते खरं?"

"तपासणीत मी खोटं बोलत नाही."

"मग लिफ्ट?"

"भिकार आहे. पायरी उंच, पडदे आखूड, आणि जिन्यात खुर्ची ठेवणं तर बेकायदा."

"मग?"

साहेबांनी विचारलं, "उशीखाली चादरीची घडी कुणी घातली?"

मुलाने शर्टाची कॉलर सरळ केली.

"ती कशात धरायची ते मला कळलं नाही. आठवडाभर विचार करतोय. कुठेच बसत नाही. म्हणून हो म्हटलं." ते थांबले, आणि हात पुढे केला. "तो तारा दे इकडे."

"बाहेर नाही लावता येणार बाबा."

"बाहेर लावलास तर मीच तक्रार करेन. लोकांना न दिसणारी जागा आहे का एखादी?"

काउंटरच्या मागे झाडू आणि बादल्या ठेवायची चिंचोळी खोली होती. साहेबांनी तिच्या दाराची आतली बाजू पसंत केली. मुलाने हातोडी आणून दिली. कोटाच्या आतल्या खिशातून टेप निघाली, तेव्हा बायकोने सुस्कारा सोडला, पण आड आली नाही. साहेबांनी डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं, पुन्हा डावीकडून मोजलं. आकडे नीट दिसत नव्हते. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते अंदाजानेच खिळा ठोकू लागले. असं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केलं.

तारा लागला. मुलगा एक पाऊल मागे सरकला आणि मान तिरपी करून बघू लागला.

"बाबा, डावीकडे झुकलाय जरा."

दारात हाताची घडी घालून उभ्या असलेल्या बायकोने ही संधी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून जपून ठेवली होती. "सुधारणेला वाव आहे," ती म्हणाली.

साहेबांनी ताऱ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं, आणि टेप गुंडाळून खिशात टाकली.

"असू दे," ते म्हणाले. "चांगलं आहे."